लपवलेला डबा आणि आमचं पुस्तकांचं कपाट



तीन महिने इथे काही लिहिलं नाही. लेकीकडे अमेरिकेत होते, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या पश्चिमेला एक उपनगर आहे, तिथे. पाणी गाळायचं फडकं आठवणीनं नेलंस का, कंदमुळाशिवाय स्वयंपाक कसा निभावलास, हे बऱ्याच जणींनी विचारलंय. ते सवडीनं सांगेन. आज एवढंच सांगते की जूनमध्ये तिथे सूर्य रात्री नऊला मावळतो. घड्याळात आठ वाजलेत आणि आपण निवांत ताटावर बसलोय, हे मनाला पटायला मला आठवडा लागला.

आज लिहायचंय ते एका खेळाबद्दल. खेळ नातवाचा, पण त्यानं मला आपल्या बस्तीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी आणून उभं केलं. ज्यांना त्या कपाटाची गोष्ट ठाऊक आहे त्यांना हे वाचताना थोडं अवघडल्यासारखं होईल. मलाही लिहिताना होतंय.

नातू दहा वर्षांचा. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आज्जी, चल, कॅश शोधायला जाऊ." मला वाटलं रोकड! म्हटलं, "कुणाची पडली रे?" तो पोट धरून हसला. मग लेकीनं समजावलं. पैशांचा शब्द वेगळा, हा वेगळा. हा मूळचा फ्रेंच, लपवण्यावरून आलेला. कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना सांगतो आणि लोक फोनवर जीपीएस बघत तो शोधून काढतात. डब्यात एक वही असते, तिच्यात आपलं नाव आणि तारीख लिहायची. मोठा डबा असेल तर त्यात छोट्या-छोट्या वस्तू असतात. एखादी घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. मग डबा होता तसा परत लपवायचा. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात आणि जगभरात असे तीस लाखांच्या वर डबे आहेत.

पहिल्या दिवशी आम्हाला एका लाकडी पुलाच्या कठड्याखाली चिकटवलेली अंगठ्याएवढी डबी सापडली. आत सुरळी केलेली कागदाची पट्टी. नातवानं माझं नाव मराठीतून लिहायला लावलं. वर-खाली सगळी इंग्रजी नावं आणि मध्ये माझं देवनागरी. खरं सांगते, गंमत वाटली. गुडघे दुखतात म्हणून घरात बसणारी मी, त्यानंतर रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर दोन-तीन किलोमीटर चालायला लागले.

या खेळाचा जन्मही लेकीच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचा. एका रविवारी जावई आम्हाला तिथे घेऊन गेले. 2000 सालापर्यंत अमेरिकेचं सरकार जीपीएसच्या उपग्रहांचे संदेश सामान्य माणसांसाठी मुद्दाम बिघडवून सोडत असे. लष्कराला नेमकी जागा कळायची आणि बाकीच्यांना शंभर मीटरपर्यंत चुकीची. 2 मे 2000 रोजी त्यांनी हे बिघडवणं बंद केलं. एका रात्रीत सगळ्या जगाला नेमकी जागा कळायला लागली, तीही फुकट. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, काही पुस्तकं, सीडी, एक गलोल आणि शेंगभाजीचा एक बंद डबा होता. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांना सांगून टाकले आणि नियम घातला की काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. आज त्या जागी रस्त्याच्या कडेला एक पाटी बसवलेली आहे. मी तिच्याजवळ उभी राहून फोटो काढून घेतला.

हे सगळं सविस्तर सांगतेय त्याला कारण आहे. हा खेळ एक कुंपण उठलं म्हणून सुरू झाला. हे पुढे लागेल, लक्षात असू द्या.

नातवाचा एक मित्र आहे, त्याच्याच वर्गातला. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे भाड्याच्या घरात आईबरोबर राहतो. आई दुकानात काम करते, तिच्या वेळा बदलत्या, म्हणून शाळा सुटल्यावर तो पुष्कळदा आमच्याकडे असायचा. माझ्या हातचे थालीपीठ त्याला फार आवडायचे, कांद्याशिवायचे असूनही! एक दिवस दोघांना घेऊन मी बाहेर पडले. नातवाच्या हातात बापाचा फोन, मित्राच्या हातात त्याच्या आईचा जुना फोन. दोघांच्या फोनमध्ये खेळाचं तेच ॲप. पण नातवाच्या फोनवर जे डबे उघडत होते त्यातले कितीतरी मित्राच्या फोनवर उघडतच नव्हते. बोट लावलं की पैसे भरून सभासद व्हा, असं यायचं.

मित्र काही बोलला नाही. त्यानं फोन खिशात टाकला आणि नातवाच्या मागे चालायला लागला. इतका वेळ दोघं बरोबरीनं धावत होते. आता एक पुढे, एक मागे. डबा सापडला, वहीत दोघांचीही नावं लिहिली, घरी येऊन दोघांनीही थालीपीठ खाल्लं. सगळं छान झालं म्हणायचं. पण माझ्या डोळ्यांपुढून तो खिशात गेलेला फोन काही हलेना.

रात्री जावयांना विचारलं. ते म्हणाले, "आई, हा खेळ एक कंपनी चालवते. नकाशा, ॲप, लाखो नोंदी, सगळं सांभाळायला माणसं लागतात. खातं फुकट उघडता येतं, पण सगळं हवं असेल तर वर्षाला तीस-चाळीस डॉलर भरायचे. चहाच्या दोन-चार फेऱ्यांचे पैसे झाले." त्यांच्या हिशेबानं ते खरंच होतं. मी म्हटलं, "मग तो डबा कंपनीनं ठेवलेला असतो का?" म्हणाले, "नाही, डबे खेळणारेच ठेवतात, स्वतःच्या खर्चानं. आणि डबा सगळ्यांना दाखवायचा की फक्त पैसे भरलेल्यांना, हे ठेवणाराच ठरवतो."

इथे मला थांबावंसं वाटलं. मी इतका वेळ मनातल्या मनात कंपनीवर रागावले होते. नकाशा सांभाळणाऱ्यानं त्याचे पैसे मागितले तर त्यात काय चुकलं? आपल्याकडे भोजनशाळेत आपण कूपन घेतोच की. लाकूडफाटा, गॅस, आचाऱ्याचा पगार कुठून यायचा? पण इथे डबा ठेवणारा एक कवडी घेत नाही. स्वतःच्या हौसेनं, स्वतःच्या पैशानं दुसऱ्याच्या आनंदासाठी ठेवतो. त्याचं ते एका अर्थी दानच. आणि तोच माणूस स्वतःच्या दानाभोवती दुसऱ्याच्या पावतीचं कुंपण घालतो. असं का करत असेल?

उत्तर घरातच मिळालं. आमच्या नातवानंच तसं करायचं ठरवलं होतं.

आदल्या वर्षी त्यानं वसाहतीच्या समितीची परवानगी काढून मागच्या झाडीत स्वतःचा पहिला डबा ठेवला होता. वाढदिवसाला मिळालेल्या छोट्या गाड्या, रंगीत दगड, शिंपले, सगळं त्यात घातलं होतं. मी जाण्याच्या आधी महिनाभर तो डबा कुणीतरी उघडा टाकला. गाड्या गेल्या, झाकण एकीकडे, डबा एकीकडे, वहीचा पावसानं लगदा. लेक म्हणाली, त्या दिवशी तो जेवला नव्हता. आता त्याला नवा डबा ठेवायचा होता आणि तो फक्त पैसे भरलेल्यांसाठी.

"आज्जी, पैसे भरणारे लोक चांगले असतात," तो म्हणाला. "ते चोरत नाहीत."

सख्यांनो, हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. कारण हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी बोलले होते. चार वर्षांपूर्वी, आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत, खजिनदार म्हणून.

बस्तीच्या मागच्या खोलीत पुस्तकांचं कपाट आहे. पुराणं, श्रावकाचार, व्रतकथा, मुलांची पाठशाळेची पुस्तकं. पूर्वी कपाट उघडंच असायचं, ज्याला हवं त्यानं न्यावं. एका वर्षी मोजणी केली तर अकरा पुस्तकं कमी भरली. मला फार लागलं. मी ठराव मांडला की वर्षाला दोनशे रुपये वर्गणी, पावती असेल तिलाच पुस्तक आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. म्हटलं, "दोनशे रुपये भरणारी बाई पुस्तक जपून वापरते." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोनशे रुपये आजकाल कुणाला जड आहेत?

त्यानंतर एकही पुस्तक हरवलं नाही. वार्षिक सभेत मी ते अभिमानानं सांगितलं. पण एक काकू होत्या. दर अष्टमी-चतुर्दशीला यायच्या, अभिषेक झाला की कपाटापाशी उभ्या राहून दोन पानं वाचायच्या आणि पुस्तक पदराखाली धरून घरी न्यायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. देवदर्शनाला यायच्या, पण मागच्या खोलीकडे वळायच्या नाहीत. मला वाटलं डोळे अधू झाले असतील. वर्षभरानं एका लग्नात शेजारी बसल्या तेव्हा मी विचारलं, "काकू, वाचन सोडलं का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "पुस्तक पेलतं गं मला, पावती पेलत नाही. सुनेकडं मागायचे म्हटलं तर कशाला म्हणून सांगायला लागतं." एवढंच बोलल्या आणि विषय बदलला. मीही बदलला. त्यांच्यासाठी दोनशे रुपये मी भरू शकले असते, पण तेव्हा नियम म्हणजे नियम असं मला वाटत होतं. पुस्तकं वाचली, पण वाचणाऱ्या गेल्या.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सहाव्या दिवशीच्या अध्यायाच्या अगदी शेवटी येतं की अंतराय कर्म कशानं बांधलं जातं. दुसऱ्याच्या दानात, लाभात, भोगात, उपभोगात, वीर्यात विघ्न आणल्यानं. दरवर्षी मी ते मोठ्यानं वाचत आले. विघ्न म्हणजे कुणाचं तरी ताट ओढून घेणं, लग्न मोडणं, असलं काहीतरी मोठं माझ्या मनात असायचं. कपाटाची किल्ली कमरेला लावणं हेही त्यात बसतं, हे सुचलं नव्हतं. आणि चार दानांमधलं शास्त्रदान किती मोठं, हे मीच पाठशाळेतल्या मुलांना शिकवते!

आता नातवाला काय सांगायचं? "असं करू नकोस" म्हणणं सोपं होतं. पण त्याच्या गाड्या खऱ्याच गेल्या होत्या आणि माझी अकरा पुस्तकंही. ज्याचं गेलंय त्याच्यासमोर उदारपणाचं प्रवचन देऊ नये, एवढं मला या वयात कळतं. म्हणून मी त्याला म्हटलं, तू तुझी बाजू मांड, मी माझी मांडते, मग ठरवू.

त्याच्या बाजूला जावईही होते. त्यांचं पहिलं म्हणणं की पैसे भरलेल्यांनाच दाखवला तर येणारे कमी आणि ओळखीचे. कुणी ते पान उघडून बघितलं हेही ठेवणाऱ्याला कळतं. दुसरं म्हणणं मला जास्त विचार करायला लावणारं होतं. माणसं कमी आली की पायवाट कमी पडते, शेवाळ, रोपटी, किडे-मुंग्या कमी तुडवल्या जातात. हे लेकीनं मुद्दाम माझ्यासाठी काढलं असणार! पण मुद्दा खोटा नव्हता. ओरेगनमध्ये पाऊस खूप, झाडांच्या बुंध्यापर्यंत हिरवं मऊ शेवाळ. जमीन बघून पाऊल टाकायचं म्हटलं तर तिथे पाऊल ठेवायलाच नको.

मी दोन दिवस विचार केला. मग नातवाला विचारलं, "तुझा डबा नेणारा माणूस नकाशा बघून आला होता की असाच फिरताना त्याला दिसला?" तो म्हणाला, माहीत नाही. खेळणाऱ्यांनी वहीत तर काहीच वाईट लिहिलं नव्हतं. आदल्या नोंदी सगळ्या प्रेमाच्या होत्या. कुणी लिहिलं होतं की डबा लांबूनच दिसतो, जरा आत सरकवा. म्हणजे बहुतेक तो वाटेवरच्या कुणालाही दिसत होता. ज्याच्याकडे नकाशाच नाही त्याला नकाशावरचं कुलूप कसं अडवणार? त्या कुलपानं अडणार फक्त तुझा मित्र, जो नकाशा बघून, नियम पाळून, वहीत नाव लिहायला येणार होता.

नातू गप्प झाला. मित्राचं नाव मी घेईन असं त्याला वाटलं नव्हतं.

पायवाटेचं मी लेकीला सांगितलं की पैसे भरलेल्याचा पाय काही हलका पडत नाही. जिवांची काळजी असेल तर डबा शेवाळात ठेवूच नये. सिमेंटच्या बाकाखाली ठेवावा, पक्क्या वाटेच्या कडेला ठेवावा, जिथे शंभर माणसं आली तरी गवताचं पातं मोडणार नाही. या खेळाच्या नियमांत डबा जमिनीत पुरायला बंदी आहे आणि डब्यात खाण्याची वस्तू ठेवायलाही, कारण वासानं जनावरं येतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी गुळाच्या वड्या ठेवू म्हणत होते, त्या अर्थातच बाद झाल्या.

राहिला चोरीचा प्रश्न. त्यावर मी त्याला एक गोष्ट विचारली. "तू गाड्या डब्यात घातल्यास तेव्हा त्या दिल्या होत्यास की ठेवल्या होत्यास?" त्याला फरक कळेना. मी सांगितलं, आपल्याकडे आहारदानात महाराजांच्या अंजलीत घास दिला की तो आपला उरत नाही. उत्तम त्यागाच्या दुसऱ्या दिवशी उत्तम आकिंचन्य येतं. म्हणजे सोडलं, आणि मग माझं काही नाही, हेही आलं. दिलेल्या वस्तूवर लक्ष ठेवत बसलं तर ती दिलेली नसते, दुसऱ्याच्या घरी ठेवलेली असते. ज्या गाड्या गेल्यानं जेवण जात नाही तेवढ्याच डब्यात घाल. जे गेलं तर रडू येईल ते घरी ठेव, त्यात काही पाप नाही.

यावर तो बराच वेळ विचार करत होता. मग दहा वर्षांच्या मुलाला शोभेलसं बोलला. म्हणाला, "मग वहीच फक्त ठेवतो. वही कोण चोरणार?"

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, आपल्याकडे तरी सगळं फुकट कुठे आहे? पंचकल्याणकात इंद्र-इंद्राणीचे सवाल होतात, पहिल्या अभिषेकाचा मान मोठ्या बोलीला मिळतो. खरं आहे. मी त्यावरही विचार केला. सवाल घेणाऱ्याला पहिला कलश मिळतो, त्याच्या पैशानं मंदिराचं काम चालतं. पण गंधोदक? ते सगळ्यांच्या कपाळी लागतं. दर्शनाला आलेल्या बाईला कुणी पावती विचारत नाही. मान विकला जातो, दर्शन विकलं जात नाही. त्या खेळाच्या कंपनीनं नकाशाच्या सोयी विकाव्यात, जावई हौसेनं घेतात. पण ज्यानं स्वतःच्या मनानं डबा ठेवलाय त्यानं तो सगळ्यांना दिसू द्यावा, असं माझं मत झालं. आणि आहारदानाचं बघा. तिथे दारं आपल्याकडे किती कडक आहेत! मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजलशुद्धी. महाराज मनात काय नियम धरून निघालेत ते कुणाला माहीत नसतं. बंगल्यासमोरून पुढे जातात आणि पत्र्याच्या घरापुढे थांबतात. दार आहेच, पण ते पैशानं उघडत नाही. गरिबालाही ते सांभाळता येतं. मला वाटतं, जपायचंच असेल तर अशी अट घालावी जी हातात काही नसलेल्यालाही पाळता येईल. वहीत नाव लिही, झाकण नीट लाव, कोरड्या हातानं उघड. ही अट दोघंही मित्र सारखीच पाळू शकत होते.

आम्ही तिघांनी मिळून नवा डबा केला. चारी बाजूंनी खटके असलेला माझा स्वयंपाकघरातलाच प्लास्टिकचा डबा. आत वही, पेन्सिल आणि मी नेलेली आपली पाच रुपयांची दोन-चार नाणी. ती गेली तर कुणाचं जेवण जाणार नव्हतं. जागा मित्रानं निवडली. खेळाच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या डब्यापासून किमान 528 फूट अंतर लागतं, ते दोघांनी नकाशावर मोजलं. वसाहतीच्या समितीला परत विचारलं. पक्क्या वाटेच्या कडेला एका जुन्या बाकाच्या खाली, आतल्या बाजूला. डबा सोपा ठेवला, म्हणजे फुकटच्या ॲपवरही दिसावा. नोंदणीच्या वेळी "फक्त सभासदांसाठी" हा चौकोन आला तेव्हा नातवानं माझ्याकडे बघितलं आणि तो रिकामा सोडला. नवा डबा तपासून मंजूर करणारी माणसंही स्वयंसेवक असतात, पैसे न घेता काम करतात. त्यांची मंजुरी आल्यावर दोघांनी अंगणात उड्या मारल्या.

पहिली नोंद दुसऱ्याच दिवशी आली. एका आजोबांची होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडलो आणि बाकावर बसून डबा शोधता आला, असं लिहिलं होतं. एक नाणं त्यांनी घेतलं आणि एक रंगीत बटण ठेवलं. नातू ते बटण मला दाखवायला धावत आला.

मी निघायच्या आठवडाभर आधी उरलेली नाणी सगळी गेली आणि बदल्यात कुणी काही ठेवलं नाही. मी नातवाकडे बघितलं. त्याचं तोंड उतरलं, नाही असं नाही. पण वही जागेवर होती, कोरडी होती. तो म्हणाला, "दिली होती ना आपण," आणि झाकण लावलं. संध्याकाळी नेहमीसारखा जेवला.

परत आल्यावर मी पहिल्या बैठकीत ठराव मांडला की वर्गणी बंद करावी. विरोध झाला, व्हायलाच हवा होता. एकीनं विचारलं, "आणि परत अकरा पुस्तकं गेली तर?" मी म्हटलं, जाऊ देत, कुणाच्या तरी घरात आहेत, रद्दीत गेली नसतील तर कुणीतरी उघडेल. अगदी जुनी, दुर्मिळ अशी जी चार-सहा आहेत ती वेगळ्या खणात ठेवू, ती तिथेच बसून वाचायची, सगळ्यांनीच. अध्यक्षबाईंनी सुद्धा. बाकीच्यांसाठी एक वही, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. नाव, पुस्तक, तारीख, आपलं आपण लिहायचं. शेजारी दानपेटी. टाकायचं त्यानं टाकावं, कुणी बघायचं नाही. दोन मतं विरोधात, बाकी होकार.

दोन महिने झाले. दोन पुस्तकांची नोंद आहे पण पुस्तकं अजून आलेली नाहीत. एक नोंद न होताच गेलंय. दानपेटीत वर्गणीपेक्षा कमी जमलंय, हेही सांगते, लपवत नाही. बांधणीचा खर्च कसा काढायचा हा प्रश्न उभा आहे.

त्या काकूंकडे मी स्वतः गेले. उत्तम क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय एवढं," आणि चहा टाकला. मागच्या चतुर्दशीला त्या कपाटापाशी दिसल्या. वहीत नाव लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली, हात थरथरतो आता. पुस्तक पदराखाली धरलं आणि निघाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि किल्ली आता कुणाकडेच नाही.

तुमच्या बस्तीत, मंडळात असं एखादं कपाट, एखादा नियम असेल तर मला जरूर कळवा. आणि बांधणीच्या खर्चाची कुणाला चांगली युक्ती सुचत असेल तर तीही सांगा.

जय जिनेंद्र.